गावाचं नाव ओळीच्या शेवटी

‘पुणे तेथे काय उणे’ ही म्हण खरी की फुशारकी, यावर पुण्याबाहेरचे लोक अजून वाद घालतात. घालोत बापडे. माझ्या मते त्या म्हणीचं निम्मं श्रेय यमकाचं आहे. पुण्यात जे होतं ते थोड्याफार फरकानं साताऱ्यात, नाशकात, कोल्हापुरातही होतं. पण पुण्याला ‘उणे’ सापडलं आणि साताऱ्याच्या वाट्याला आले उतारा, पसारा आणि म्हातारा. आता यातून गावाचा गौरव कसा करायचा? यमक जुळलं की विधान खरं वाटू लागतं, हा कानाचा जुना भाबडेपणा आहे. पुण्यानं त्याचा पिढ्यान्‌पिढ्या फायदा घेतला.

प्रस्तुत पुस्तक अशा जुळण्यांचं आहे. यात गावांची नावं अकारविल्हे लावलेली नाहीत, शेवटाकडून लावली आहेत. त्यामुळे एका पानावर दापोली, हिंगोली आणि गडचिरोली एकाखाली एक दिसतील. कोकण, मराठवाडा आणि झाडीपट्टी अशी एरवी क्वचितच एका ओळीत येतात. त्यांच्याखाली ओली, खोली, बोली, डोली हे शब्द दिले आहेत. गीतकार, शाहीर, वात्रटिका लिहिणारे, गावच्या जत्रेसाठी स्वागतगीत रचणारे शिक्षक, आणि मांडवात ऐनवेळी ‘नाव घे, नाव घे’चा गलका सुरू झाल्यावर घामाघूम होणारी नवरी, या सगळ्यांना ते उपयोगी पडावं असा हेतू आहे. पण नुसती यादी पुढे ठेवून भागणार नाही. यादी वापरायची कशी, आणि मुळात अडतं कुठे, हे आधी सांगायला हवं.

अडतं ते पाटीवर. रेल्वेच्या पिवळ्या पाटीवर किंवा एसटीच्या फलकावर नाव जसं लिहिलेलं असतं तसंच ते उचलून कवी ओळीच्या शेवटी ठेवतो आणि मग जोडीदार शोधत बसतो. ‘वेंगुर्ला’ घ्या. ‘र्ला’ हे जोडाक्षर पाहिलं की हात टेकावेसे वाटतात. लिहिताना ‘र्ला’नं संपणारे मराठी शब्द आठवून पाहा, कुर्ला आठवेल आणि गाडी तिथेच थांबेल. पण ‘उरला’ हा शब्द मोठ्यानं म्हणा. आपण उ-र-ला असं म्हणत नाही. मधला अकार गिळून ‘उर्ला’ म्हणतो. तसंच मुरला, पुरला, झुरला. म्हणजे लिपीत एकटं पडलेलं वेंगुर्ला कानात भरल्या घरातलं निघालं.

घर विकलं, बाव बुजली, मुरांबा तेवढा मुरला,
आजीच्या जुन्या बरणीत अजून आहे वेंगुर्ला.

दोन ओळी नमुन्यादाखल मीच जुळवल्या आहेत. त्यांना कविता म्हणण्याचा आग्रह नाही. गावाचं नाव ‘वेंगुर्ले’ असं लिहिणाऱ्यांनाही अडचण नाही, त्यांच्यासाठी उरले, मुरले, पुरले आहेतच.

हाच न्याय मुंबईला. मुंबईला यमक नाही अशी तक्रार गाणी लिहिणाऱ्यांकडून ऐकू येते, आणि मग घाई, बाई, आई यांच्याशी ओढूनताणून गाठ मारली जाते. ती गाठ कानाला खुपते, कारण तिकडे ‘आई’ आहे आणि इकडे ‘अई’. तक्रार करणाऱ्यानं घरातच नजर फिरवावी: चटई, रजई, कढई, समई, सनई. आणि पहाटेची पहिली लोकल पकडणाऱ्याला तर ‘जांभई’पेक्षा जवळचं यमक कुठलं मिळणार? ‘मुंबई–जांभई’त अनुस्वारही जुळतो आणि ब-भ ही सख्खी भावंडं.

*

पाटीवरून नजर काढली की दुसरी गोष्ट दिसते. मराठी माणूस गावाचं नाव मूळ रूपात फारसं उच्चारतच नाही. तो चिपळूणला जातो, चिपळुणात राहतो, चिपळुणाहून येतो, चिपळूणचा असतो. नावाला विभक्ती लागते, सामान्यरूप होतं, आणि शेवट पूर्ण बदलतो. ‘चिपळूण’ला अस्सल ‘ण’कारी यमक शोधायला गेलात तर दमछाक होईल. ‘चिपळुणात’ म्हणा, की गुणात, ऋणात, कुणात हात जोडून उभे.

शोधली नाही खोट कधी माणसाच्या गुणात,
…रावांची नि माझी भेट झाली चिपळुणात.

इंग्रजीत ही सोय नाही. तिथल्या विनोदी पंचपदीची, म्हणजे लिमरिकची, प्रथा एडवर्ड लिअरच्या १८४६ सालच्या पुस्तकानं लोकप्रिय केली. त्याच्या असंख्य रचनांत पहिली ओळ गावाच्या नावावर संपते आणि शेवटची ओळ बहुधा त्याच नावावर परत येते. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय नावाच्या आधी येतं, नावाचा शेवट जागचा हलत नाही. त्यामुळे गाव अडनिडं असलं तर लिअरला सगळी करामत उरलेल्या ओळींत करावी लागते. त्या कसरतीतूनच त्याचा विनोद येतो. हा गृहस्थ १८७३ च्या अखेरीस मुंबईत उतरला आणि पुढे वर्षभराहून अधिक काळ हिंदुस्थानभर हिंडला. त्याला मराठीतली सप्तमी कुणी समजावून सांगितली असती तर त्यानं कपाळावर हात मारला असता.

अर्थात सामान्यरूप प्रत्येक वेळी मदतीलाच धावेल असं नाही. म्हापसा पाहा. मूळ रूपात त्याला आरसा, वारसा, कवडसा, भरवसा असे चांगले सोबती आहेत. सप्तमीत ‘सा’चा ‘शा’ होतो: म्हापशात. सुदैवानं सोबत्यांचंही तसंच होतं, आरशात, वारशात, कवडशात. पण कुणी ‘म्हापशात’ला ‘आपसात’ जोडलं तर फसगत झालीच. म्हणून या पुस्तकात प्रत्येक नावापुढे त्याचं सामान्यरूपही दिलं आहे आणि त्या रूपाची यमकं वेगळी नोंदवली आहेत. काही नावं दर वेळी रूप बदलत नाहीत. गावचा माणूस ‘गावात’ राहतो, पण जळगावचा माणूस ‘जळगावात’ जितका राहतो तितकाच ‘जळगावला’ राहतो. दोन्ही रूपं चालतात, तेव्हा कवीला निवड मिळते.

विभक्तीचं हे देणं सर्वांत मुक्तपणे वापरलं ते वारकरी संतांनी. पंढरपूर हे नाव अभंगाच्या चरणान्ती ठेवायला तसं जड. अभंगाचा चरण लहान: मोठ्या अभंगात सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा, लहानात आठ-आठचे दोन. त्यात पाच अक्षरांचं गाव बसवलं की बाकीच्यांना जागाच नाही. पण त्या गावाचं प्रेमाचं नाव पंढरी. आणि पंढरीला काय नाही? हरी, वारी, वारकरी, विटेवरी, भीमातीरी. देव, त्याची जागा, त्याचे भक्त, भक्तांची वाट आणि नदीचा काठ, सगळं एकाच ईकारात. मराठीतलं दुसरं कुठलंही गाव आपल्या सगळ्या गोतावळ्यासह असं एका यमकात उतरलेलं मला माहीत नाही. आळंदीला आनंदी मिळाली, तीही मोठी मिळकत. देहूला मात्र पाहू, राहू यांच्यावर भागवावं लागतं.

जेजुरीचं नशीब वेगळंच. मजुरी, मंजुरी, हजुरी: तिन्ही शब्द देवस्थानाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे. अरुण कोलटकरांनी ‘जेजुरी’ लिहिली ती इंग्रजीत. १९७६ साली पुस्तक आलं, पुढच्या वर्षी त्याला कॉमनवेल्थ पारितोषिक मिळालं. त्या कवितांना यमकाची गरज नव्हतीच. पण ही तीन मराठी यमकं त्यांच्या कानाला माहीत असणार, असं ते पुस्तक वाचताना मला नेहमी वाटतं.

*

अवघड नावांची भीती घालून झाली. आता सोप्या नावांची घालतो, कारण खरा धोका तिथे आहे. महाराष्ट्राच्या नकाशावर पूर, गाव, नगर, वाडी, खेड, गड या शेपट्या लावलेली गावं किती आहेत हे सांगायला नको. त्यामुळे ‘पूर’ आला की ‘दूर’ येतो, मागोमाग सूर आणि हुरहूर. ‘गाव’ आलं की नाव, ठाव, भाव, धाव. अशी गाणी आपण इतकी ऐकली आहेत की दुसरी ओळ सुरू होण्याआधीच ती कुठे संपणार हे कळतं. यमकानं वाट पाहायला लावलं पाहिजे. इथे वाट पाहण्यासारखं काही उरत नाही.

दुसरी गफलत याहून बारीक. कुणी एका ओळीच्या शेवटी सोलापूर आणि दुसरीच्या शेवटी नागपूर ठेवून यमक जुळलं असं समजतो. जुळलेलं काहीच नाही; एकच शब्द दोनदा आला. गझल लिहिणाऱ्यांना हे लगेच ध्यानात येतं. पुन्हा पुन्हा येणारा शेवट म्हणजे रदीफ, आणि खरं यमक, काफिया, त्याच्या आधी. त्याच्याही आधीचा न बदलणारा स्वर म्हणजे अलामत. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून हे तंत्र मराठी नवोदितांना समजावलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर गावांची नावं नसणार. पण हिशेब तोच लावून पाहा. ‘पूर’ बाजूला काढला की उरतात सोला, नाग, कोल्हा. सोला आणि नाग यांचा काही संबंध नाही. सोला आणि कोल्हा यांचा आहे: आधी ‘ओ’, मग ‘ला’. ल आणि ल्ह यांच्यावरून काटेकोर माणूस नाक मुरडेल, पण कान मानतो. म्हणजे सोलापूरचं यमक कोल्हापूर. नागपूरला वेगळी सोयरीक बघावी लागेल.

मुंबईच्या उपनगरी गाडीत या हिशेबाचं सुंदर उदाहरण बसलेलं आहे. बोरिवली, कांदिवली, डोंबिवली. वरवर पाहता ‘वली’ची पुनरुक्ती, पण आधीचा इकारही तिघींत समान आहे, आणि त्या ‘इवली’ला मराठीत स्वतःचा अर्थ आहे. इवलीशी खोली आणि डोंबिवली, एवढं म्हटलं की गाण्याचा अर्धा मजकूर तयार. विक्रोळीला आरोळी आणि चारोळी. चंद्रशेखर गोखल्यांच्या ‘मी माझा’नंतर चारोळ्यांचं जे पीक आलं त्यात विक्रोळी किती वेळा आली असेल कोण जाणे. भिवंडीला थंडी, हंडी, बंडी. दादरला सादर, आदर आणि चादर. रेल्वेचा नकाशा हाती घेऊन बसलं तर एक संध्याकाळ आनंदात जाते.

भुसावळलाही मी या सोप्या नावांत धरलं नसतं, पण ‘खानावळ’ सापडल्यापासून मत बदललं.

गाडीला झाला उशीर, बंद झाली खानावळ,
…रावांच्या सोबतीनं उपाशीपोटी पाहिलं भुसावळ.

यातलं गावाचं नाव काढून जंक्शन नसलेलं एखादं गाव घाला, उखाणा मरतो. केवळ यमक मरतं म्हणून नव्हे. गाड्यांचं जंक्शन आणि खानावळ यांचं नातं खरं आहे म्हणून. चांगल्या स्थलयमकाची हीच ओळख मानावी. जुळणारा शब्द त्या गावात सापडायला हवा. ‘रेठरे हरणाक्ष’ हे पठ्ठे बापूरावांचं गाव. हरणाक्ष म्हटलं की आधी घाबरायला होतं, मग साक्ष, कटाक्ष, रुद्राक्ष, गवाक्ष असे एकेक येऊ लागतात. त्यातला कटाक्ष लावणीकाराच्या गावाला जितका शोभतो तितका रुद्राक्ष शोभणार नाही. यादीत दोन्ही आहेत. निवड करणाऱ्यानं गाव ओळखून करावी.

*

आता ठाणे. गाणे, नाणे, तराणे: सगळं सरळ. पण आज ‘गाणे’ म्हणतो कोण? बोलताना आपण ‘गाणं’ म्हणतो, ‘नाणं’ म्हणतो. नपुंसकलिंगी एकारान्त शब्द बोलीत अनुस्वारावर येऊन थांबले, गावांची नावं मात्र प्रमाण भाषेत जिथल्या तिथे राहिली. ठाणे ठाणेच, पुणे पुणेच. म्हणून बोलीभाषेत गाणं लिहिणाऱ्याची पंचाईत होते. ‘ठाणे’शी जुळवण्यासाठी तो ‘गाणे’ लिहितो आणि तेवढ्या एका शब्दापुरतं गाणं शंभर वर्षं मागे जातं. यातून सुटायचे दोन मार्ग. एकतर अनेकवचनं वापरायची, दाणे, फुटाणे, शहाणे. ती बोलीतही एकारान्तच राहतात. नाहीतर सरळ ‘ठाण्यात’ जायचं. धुळ्याच्या बाबतीतही जुळे, खुळे यांच्यावर काम भागतं.

पण धुळ्याचा माणूस स्वतः काय म्हणतो, हेही विचारायला हवं. अहिराणीत धुळ्याचं ‘धुये’ होतं आणि जळगावचं ‘जयगाव’. खानदेशात आणि वऱ्हाडात ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, वऱ्हाडात ‘ण’चा ‘न’ होतो. मग तिथल्या कवीसाठी यमकांचा नकाशाच वेगळा. चिपळूण–मिळून हे यमक पुण्यातल्या परीक्षकाला कच्चं वाटेल. अकोल्यातल्या बाईच्या तोंडी ते पुरतं पक्कं आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपानं आली, आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊन आली, आणि खानदेशी उच्चार छापील पानावर तसाच ठेवून आली. तो उच्चार कुणी ‘शुद्ध’ करून छापला असता तर त्यातली यमकं जागोजाग उसवली असती. म्हणून या संग्रहात जिथे स्थानिक उच्चार निश्चित ठाऊक होता तिथे तो कंसात दिला आहे. जिथे नव्हता, तिथे वाचकानं त्या गावच्या माणसाला नाव उच्चारायला सांगावं. फोन करून विचारलं तरी चालेल; लोक आपल्या गावाचं नाव सांगायला कंटाळत नाहीत.

वृत्तांत लिहिणारे आता थोडे राहिले आहेत, तरी त्यांच्यासाठी दोन शब्द. गावाच्या नावाला यमक असतं तसा लगक्रमही, म्हणजे लघु-गुरू अक्षरांचा क्रमही, असतो, आणि तो पाहिला की कुठलं गाव कुठल्या वृत्तात सुखानं नांदेल ते कळतं. निपाणी: लगागा. म्हणजे भुजंगप्रयाताचा अख्खा गण. रामदासांचे मनाचे श्लोक ज्या चालीत आपण लहानपणी घोकले, त्या चालीत निपाणी कुठेही टाका, ती ठेच लागू देत नाही. सावंतवाडी मंदाक्रांतेच्या आणि मालिनीच्याही चरणाच्या शेवटी अचूक बसते. आणि रत्नागिरी तर शार्दूलविक्रीडितासाठीच वसवली असावी:

आंबा मोहरला, उन्हात निजली सारीच रत्नागिरी

पुढच्या चरणासाठी शिरी, गिरी, फकिरी आहेत. दादागिरीही आहे, पण ती हापूसच्या दलालांवर लिहिणाऱ्यांनी घ्यावी. वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ म्हटलं गेलं आणि मोरोपंतांनी यमकांचे डोंगर रचले, हे आपण शाळेत हसत हसत वाचतो. त्यांना एका ओळीत यमक, गण आणि अर्थ असे तिन्ही जुळवायचे असत, हे हसताना विसरतो. मोरोपंतांचं वास्तव्य बारामतीत होतं, हेही नशीबच म्हणायचं. मती, गती, सती, पती: सगळं पुराण त्या एका शेवटात मावतं.

*

काही नावं मात्र कशालाच बधत नाहीत. औंध त्यातलं पहिलं. औंधासारखा शेवट असलेला, रोजच्या वापरातला मराठी शब्द मला सापडलेला नाही. सप्तमी केली, ‘औंधात’. तरी ‘सुगंधात’च्या वासावर समाधान मानावं लागतं, पूर्ण जुळणी नाहीच. ज्या संस्थानानं १९३९ मध्ये कारभार प्रजेच्या हाती सोपवला, ज्याच्या मुलखात आटपाडी-माडगुळं येतं आणि म्हणून गदिमांसारखा यमकांचा धनी ज्या मातीतला, त्याच संस्थानाच्या नावाला यमक असू नये!

मग करायचं काय? जुन्या बायकांनी जे केलं ते. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. तो साठा लाखाच्या पुढे आहे. त्यातल्या पुष्कळ ओव्यांत गाव येतं ते ओळीच्या तोंडाशी, षष्ठी लावून: अमक्या गावाच्या वाटेवर, तमक्या गावाच्या बाजारात. शेवट मोकळा राहतो आणि तिथे बाईच्या मनातला शब्द येतो: भाऊ, लेक, साडीचोळी, काय असेल ते. दळताना श्वास पुरवून म्हणायच्या ओळीत अवघड नाव आधी उरकून घेणं सोयीचंही असतं. माहेरच्या गावाला यमक मिळालं नाही म्हणून त्या गावाची ओवी झाली नाही, असं कुणा बाईनं होऊ दिलेलं नाही. औंधही तिथेच ठेवावं, ओळीच्या सुरुवातीला.

शाहिरांची युक्ती तिसरीच. ते नावांची माळ लावतात. एकेक नाव सुटं असतं तेव्हा त्याला यमक लागतं. पाच नावं एका दमात आली की ती आपापसांतच ताल धरतात. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत विरहाचं गाणं वळण घेत संयुक्त महाराष्ट्रावर येतं, आणि तिथे बेळगाव-कारवारची नावं येतात. त्या नावांचं यमक कुणी मोजत नाही. ती ज्यासाठी उच्चारली गेली ते कारण इतकं मोठं होतं की नुसता उच्चार पुरे झाला. हे तंत्र उसनं घ्यायचं तर कारणही तसं हवं. एरवी ती तालुक्यांची यादी होते.

सोपं यमक गावाला लागतंही, त्याचा विचार संग्रह करताना सतत मनात होता. पेण गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखलं जातं, पण शाळकरी पोरं पेणच्या पोराला ज्या शब्दानं चिडवतात तो गोठ्यातला असतो. मेणही जुळतं, लेणंही बरंचसं जुळतं, ते त्यांना सुचत नाही. येरवड्याच्या नावात ‘वेडा’ ऐकू येतो, आणि तिथे मनोरुग्णालय असल्यानं ती थट्टा कायमची चिकटली. त्या गावात राहणाऱ्या हजारो शहाण्या माणसांनी आपला पत्ता सांगताना किती वेळा ती सोसली असेल. पुण्याला यमकानं जे दिलं तेच यमकानं येरवड्याकडून काढून घेतलं, आणि दोन्ही गावं एकाच महापालिकेतली. असे जोड मी यादीत दिलेले नाहीत. ज्यांना ते हवे असतील त्यांना ते माझ्याविनाही सुचतात.

राहिला प्रश्न बदललेल्या नावांचा. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. त्या निर्णयांवर बोलण्याची ही जागा नाही. यमकापुरतं सांगायचं तर हिशेब असा. ‘आबाद’ गेलं, त्याबरोबर याद, साद, दाद, नाद, वाद हा भरगच्च खजिना गेला. मुशायऱ्यांच्या शहराला तो शोभतही होता. संभाजीनगर आणि अहिल्यानगर ‘नगर’ या शेपटीवर येऊन थांबतात, तेव्हा वर सांगितलेला रदीफाचा सापळा तिथे आहे, सावध राहावं. धाराशिवची कमाई मात्र मोठी. लिहिताना ऱ्हस्व असला तरी ‘शिव’ आपण लांबवून उच्चारतो, आणि त्याला जीव, कीव, उणीव, जाणीव असे शब्द मिळतात. ‘उस्मानाबाद’च्या कवीला ‘जाणीव’ मिळणं अवघड होतं. या संग्रहात जुनी-नवी दोन्ही नावं आपापल्या जागी आहेत, कारण जुन्या नावांवर रचलेली गाणी अजून म्हटली जातात आणि म्हणणाऱ्याला दुसरी ओळ आठवायला हवी असते.

परगावांचा आणि परदेशांचा एक छोटा विभाग शेवटी जोडला आहे. मराठ्यांनी जिथे जिथे बिऱ्हाड केलं तिथली नावं मराठीनं आपल्या जिभेला वळवून घेतलीच होती. तंजावरला आवर, सावर, वावर मिळतात, इंदूरला सिंदूर आणि शेंदूर. उखाण्यासाठी सर्वांत भाग्यवान शहर मात्र ग्वाल्हेर: माहेर, आहेर, बाहेर. ग्वाल्हेरच्या मुलाशी लग्न ठरलेल्या मुलीला या पुस्तकाची गरज नाही. हल्लीच्या बिऱ्हाडांपैकी सिंगापूर आपोआप पूरवाल्यांच्या पंगतीत बसलं, ‘सिंगापुरात’ असं सामान्यरूपही घेऊ लागलं. लंडनला खंडन आणि मंडन, म्हणजे वादविवाद मंडळाची सोय झाली. अमेरिकेला भूमिका, टीका, मालिका. न्यू जर्सीत मराठी वस्ती दाट असल्यानं तिथून उखाण्यांची मागणी वारंवार येते. ‘आरशी’ थोडी ओढून बसवता येते. त्याहून चांगलं कुणाला सुचलं तर प्रकाशकाच्या पत्त्यावर जरूर कळवावं. गाय सोडून.